कोणतं कार्ड, कोणतं फूल

चैत्र संपत आला की चंद्रपूरच्या हवेला एक वास येतो. तापलेल्या सिमेंटचा, कूलरमधल्या ओल्या गवताचा, कोळशाच्या बारीक भुकटीचा. आणि अहेरीकडून येणाऱ्या एसटीच्या टपावरून पोती उतरायला लागली की त्यात मोहफुलांचा गोडसर, थोडा आंबलेला वास मिसळतो. तो नाकात शिरला की मी टेबलावरचं काम तसंच ठेवते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. खिडकीतून शहराभोवतीच्या जुन्या परकोटाची भिंत दिसते. उन्हात ती इतकी पांढरी पडते की तिच्याकडे बघता येत नाही.

परवा असंच झालं. त्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, "लेकीला ॲनिमेशन शिकायचं आहे, कम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचं घालू?" सगळ्यांना माहीत होतं की कम्प्युटरवर चित्रांचं काम मी करते, म्हणून सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मी एक नाव लिहिलं. पुसलं. दुसरं लिहिलं. तेही पुसलं. एवढी वर्षं या कामात आहे, पण त्या एका उन्हाळ्यानंतर या साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

तो उन्हाळा सुमित्राचा होता.

सुमित्रा मडावी अहेरीच्या पलीकडच्या, जंगलातल्या एका गावची. कॉलेजात चित्रकला शिकून माझ्याकडे कामाला आली होती. माझं काम म्हणजे लग्नपत्रिका, बॅनर, शाळेच्या पुस्तकांतली चित्रं, आणि कुणी सांगितलंच तर एखादी हलती जाहिरात. सुमित्रा हे सगळं मुकाट्यानं करायची. नवरदेवाचा चेहरा उजळ करून द्या म्हटलं की करून द्यायची. पण दुपारी कूलरसमोर बसून डबा खाताना ती फक्त एका झाडाबद्दल बोलायची.

तिच्या गावाबाहेर एक मोहाचं झाड आहे. उजाडायच्या आत तिची आई आणि गावातल्या बाया टोपल्या घेऊन तिथं जातात. आदल्या दिवशी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन स्वच्छ केलेली असते. त्या जमिनीवर फुलं पडत असतात. वारा नसतो, कुणी फांदी हलवत नाही, तरी पडत असतात. "ताई, पाऊस पडते तसं नाई," ती हाताचा पंजा उघडून दाखवायची. "एक पडते. मंग थांबते. मंग कुठी तरी दुसरं पडते. आपण तिकडं पाह्यलं का इकडं पडते."

त्याची तिला फिल्म करायची होती. चार-पाच मिनिटांची. बाया, टोपल्या, अंधाराचा हळूहळू निवळत जाणारा निळा रंग आणि ते झाड. दूरच्या एका मोठ्या कलासंस्थेत तिनं अर्ज केला होता. पहिल्या फेरीत तिची चित्रं पसंत पडली होती. आता पुरी केलेली फिल्म पावसाळ्याच्या आत पाठवायची होती. घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होती. फिल्म झाली नाही तर ती बोलणी पुढं सरकतील, हे ती मला सांगत नव्हती, पण आईचा फोन आला की बाहेर जिन्यात जाऊन बोलायची आणि परत येऊन पेन्सिलीला उगाच टोक करत बसायची.

माझ्याकडे तिला दिलेला कम्प्युटर बॅनरपुरता ठीक होता. सुमित्राचं झाड त्यात उघडलं की त्याला धाप लागायची. फूल पडायला निघायचं, अर्ध्यावर लटकायचं आणि मग एकदम जमिनीवर दिसायचं. कम्प्युटरच्या पोटात चित्रांचं काम करणारी एक वेगळी पाटी बसवतात, तिलाच ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आमच्याकडे होतं ते फार जुनं होतं. नवं घ्यायचं ठरलं आणि आम्ही दोघी सलीमभाऊंच्या दुकानात गेलो.

सलीमभाऊ आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता कम्प्युटर जोडून देतात. शहरातले अर्धे बँकवाले आणि सगळे फोटोवाले त्यांच्याकडे जातात. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, तरी मला "बाई" म्हणतात.

बाजारात अशी कार्डं बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन. एकीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. दुसरीचं नाव घेतलं की लोक क्षणभर थांबतात आणि "चालते म्हणा तेही," म्हणतात. नावं इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहेत त्यांना ती कळली असतील, आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

सुमित्राचं आधीच ठरलं होतं. "भाऊ, मले तेच पायजे. मोठ्या कंपनीचं. सगळे म्हणते त्याच्याशिवाय असं काम होतच नाई."

"सगळे म्हंजे कोण?"

"सगळेच. मी पाह्यले नं व्हिडिओ."

सलीमभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "हे पाय बेटा, मी तुले इमानदारीनं सांगतो. हे पण चांगलं, ते पण चांगलं. पण तू म्हणते तेवढ्यात मोठ्या कंपनीचं घेतलं तं लहानवालं येईन. त्याची मेमरी कमी. आन् दुसऱ्या कंपनीचं घेतलं तं त्याच्यात जागा जास्त. तुह्या झाडावर फुलं किती?"

"लय."

"सगळे येगयेगळे?"

"हो. दोन फुलं सारखे नसतेच."

"मंग तुले जागा लागन."

सुमित्राचा चेहरा पडला. तिला ते पटलं होतं, पण नको होतं. मलाही नको होतं, हे सांगायला हवं. पैसे देऊन दुसऱ्या नंबरचं घरी न्यायचं म्हटलं की मनाला कुठंतरी टोचतंच.

सलीमभाऊंनी आमच्या दोघींची तोंडं पाहिली आणि म्हणाले, "उद्या दुपारी या. तुमीच पाहा अन् तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुकानात दोन सारखे पडदे शेजारी शेजारी ठेवले होते. कम्प्युटरचे खोके टेबलाखाली, त्यावर फुलाफुलांची चादर. एका खोक्यात या कंपनीचं कार्ड, दुसऱ्यात त्या कंपनीचं. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसतो, तिथं त्यांनी कागद चिकटवला होता. सुमित्राच्या झाडाची एक लहान फांदी दोन्हीकडे चालू केली. फुलं पडायला लागली.

आम्ही बराच वेळ पाहिलं. सुमित्रा एका पडद्यासमोर वाकायची, मग दुसऱ्यासमोर. शेवटी तिनं डाव्या पडद्यावर बोट ठेवलं. "हे. हे कसं अलगद पडून राह्यलं. तिकडं जरासं अटकून राह्यलं हवेत."

मीही डावाच म्हटला. मला खरंच दिसत होतं. उजवीकडचं फूल पडताना मध्ये कुठंतरी एक बारीकशी ठेच लागत होती, डावीकडं नव्हती.

सलीमभाऊंनी चादर उचलली. डावीकडं दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं.

सुमित्रा हसली. "भाऊ, पुन्हा लावा बरं."

त्यांनी पुन्हा लावलं. काहीही बदललं नाही. तेच पडदे, तीच खोकी, तीच फांदी. चादर मात्र आता बाजूला पडलेली होती आणि काय कुठं आहे ते आम्हाला माहीत होतं. आणि इथं जे झालं ते मला आजही कळलेलं नाही. मला उजवं जास्त गुळगुळीत दिसायला लागलं. मी डोळे चोळले. चष्मा पुसला. डावीकडच्या फुलांना आता ठेच लागत होती, तीच, मघाशी उजवीकडं पाहिलेली.

"तुले काय दिसून राह्यलं?" मी सुमित्राला हळूच विचारलं.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, मले आता हे उजवं चांगलं दिसते."

सलीमभाऊंनी कोपऱ्यातले कागद काढले. दोन्हीकडचे आकडे सारखे वरखाली होत होते. कधी हा पुढं, कधी तो. "मीयी सकाळपासून पाहून राह्यलो," ते म्हणाले. "मीच लावले दोन्ही. मले मालूम हाय, कोणतं कुठी हाय ते. तरी मले उजवंच चांगलं दिसते. आता बोला."

बाहेर रस्ता उन्हानं ओस पडला होता. एक ऑटोवाला दुपट्ट्यानं तोंड झाकून सीटवर झोपला होता.

घरी परतताना सुमित्रानं तिच्या बाजाराची गोष्ट सांगितली. अहेरीच्या बाजारात मोहफुलं घेणारा व्यापारी टोपली पुढं आली की गाव विचारतो. नदीच्या अलीकडचं गाव सांगितलं की दोन फुलं तोंडात टाकतो आणि पसंतीनं मान हलवतो. पलीकडचं सांगितलं की तोंड वाकडं करतो. "आमचं गाव पलीकडं," ती म्हणाली. "यायो म्हणते, त्याच्या तोंडाले नदी दिसते." यायो म्हणजे तिची आई. मी विचारलं, "मग खरंच फरक असते का चवीत?" सुमित्रा चालता चालता थांबली. "मले नाई माहीत, ताई. मी आमचेच खाल्ले."

शेवटी तिनं दुसऱ्या कंपनीचंच कार्ड घेतलं, जागेसाठी. अख्खं झाड पहिल्यांदा उघडलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. प्रत्येक फूल वेगळं होतं. काही फुगीर, काही चिमटलेली, कुणाच्या देठाजवळ तपकिरी डाग. दुधात किंचित हळद पडावी तसा रंग. मी बॅनरवरचे चेहरे उजळ करायचं सोडून तिच्या मागं उभी राहिले.

मग वैशाख लागला.

चंद्रपूरचा वैशाख मी बाहेरच्या माणसाला सांगायच्या भानगडीत पडत नाही. भिंतीला हात लावला की मागं घ्यावा लागतो. नळाचं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही. त्या दिवसांत सुमित्राचा कम्प्युटर दुपारी बंद पडायला लागला. सूचना नाही, काही नाही. पडदा काळा आणि सकाळपासून तयार होत आलेला फिल्मचा तुकडा गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

सुमित्राचा एक मामेभाऊ नागपूरला इंजिनीअरिंग करत होता. तो फोनवर ओरडला, तो मलाही ऐकू आला. "तुले कोणी सांगतलं होतं ते घ्याले? फसवलं तुले त्यानं!" इंटरनेटवर विचारलं तिथंही लोकांनी तेच सांगितलं. त्या कंपनीचं कार्ड का? मग असंच होणार. कुणीही विचारलं नाही की खोली किती तापते, भिंत कोणत्या दिशेला आहे.

सुमित्रा फोन ठेवून सलीमभाऊंकडे गेली, मी मागोमाग. तिचा आवाज चढला होता. "भाऊ, मी तुमच्यावर भरोसा ठेवला. माहं झाड जाऊन राह्यलं रोज."

सलीमभाऊंचा चेहरा उतरला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही कान देऊन ऐकत होती. त्यांनी वाद घातला नाही. "तुले मोठ्या कंपनीचं पायजे नं? घेऊन जा. ते वापस दे." स्वतः येऊन कार्ड बदलून गेले.

नव्या कार्डात झाड मावलं नाही. उघडायला गेलं की यंत्र नकार द्यायचं. तेव्हा सलीमभाऊंनी तिला तोड सुचवली. थोडीच फुलं घडवायची आणि तीच फिरवून, वाकवून सगळीकडं ठेवायची. कम्प्युटरला ते हलकं पडतं.

"खोटं दिसन, भाऊ."

"कोणाले दिसन?"

"मले दिसन."

पण दुसरा रस्ता नव्हता. तिनं मूठभर फुलं ठेवली आणि त्यांच्याच नकला झाडभर लावल्या. ते करताना ती रडत होती. रडणं म्हणावं असं नाही, नुसतं नाक ओढत होती आणि माऊस चालवत होती. मी कैरीचं पन्हं करून शेजारी ठेवलं, ते तसंच कोमट झालं.

आणि त्या दुपारी मोठ्या कंपनीचं कार्ड असतानाही कम्प्युटर बंद पडला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट आठवतं. आनंद झाला होता, आणि आनंद का व्हावा ते कळत नव्हतं. सुमित्रा काळ्या पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आता कोणाले बोलू?"

सलीमभाऊ ब्लोअर घेऊन आले. खोका गॅलरीत नेऊन उघडला आणि हवा मारली, तर आतून काळा ढग निघाला. कोळशाची भुकटी. या शहरात ती ताटात असते, उशीवर असते, तिथं कम्प्युटरच्या पंख्यात नसेल तर नवल. त्यांनी वीज पुरवणारा आतला डबाही बदलला. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून हलवलं. सुमित्रानं ठरवलं की जड काम पहाटे लावायचं, आई ज्या वेळी झाडाखाली जाते त्या वेळी, आणि ऊन चढलं की थांबायचं. दोन दिवसांनी सलीमभाऊंनी न विचारता पहिलं कार्ड पुन्हा आणून बसवलं. "तुहं झाड याच्यातच मावते," एवढंच म्हणाले.

त्यानंतर कम्प्युटर बंद पडला नाही.

कशामुळं? मी आजवर पुष्कळदा स्वतःला विचारलं. भुकटी निघाली म्हणून? डबा बदलला म्हणून? भिंत, पहाट, की त्याच आठवड्यात एक वळवाची सर येऊन गेली होती म्हणून? सगळं एकदम केलं होतं. दोष कशाचा होता हे कळायला एकेक करून पाहायला हवं होतं, पण तेवढा धीर कुणाजवळ नव्हता. मामेभाऊ अजून म्हणतो की कार्डातच खोट होती. सलीमभाऊ म्हणतात धूळ. सुमित्रा पहाटेचं नाव घेते.

या अदलाबदलीत फिल्मचे तुकडे मात्र मिसळून गेले. काही पहिल्या कार्डावर झालेले, वेगवेगळ्या फुलांचे. काही मोठ्या कंपनीच्या कार्डावरचे, नकलांचे. नकलांचे सगळे पुन्हा करायला वेळ उरला नाही. तिनं जमतील तेवढे बदलले, बाकीचे तसेच जोडले आणि फिल्म पाठवून दिली.

पाऊस सुरू झाल्यावर तिला मुलाखतीला बोलावलं. परतीच्या वाटेवर एका स्टेशनातून तिचा फोन आला. मागं गाड्यांची घोषणा चालली होती.

"झालं, ताई. घेतलं मले."

मी ओरडलेच. पण पलीकडून आनंदाचा आवाज आला नाही.

"काय झालं गं?"

"मुलाखत घेणाऱ्यातले एक सर होते. त्याइनं फिल्म मधातच थांबवली. म्हणाले, या फुलांमध्ये एकही दुसऱ्यासारखं नाई, हेच याचं मोठेपण आहे. मंग म्हणाले, कार्ड त्या मोठ्या कंपनीचं असन, त्याच्याशिवाय हे जमत नाई."

"मग तू काय म्हणाली?"

"मी हो म्हटलं. पण ताई, त्याइनं जिथी थांबवली, तो तुकडा कोणता होता? मी तिथीच उभी होती. माह्याच हातचं काम. मले नाई ओळखू आलं. येगळ्या फुलांचा होता का नकलांचा, मले नाई सांगता येत."

"मग हो काऊन म्हटलं?"

"तेच तं समजून नाई राह्यलं. खोटं बोलली का खरं बोलली तेही नाई समजत."

गाडी आली म्हणून तिनं फोन ठेवला. मी खिडकीशी उभी राहिले. भिंत भिजून काळी पडली होती.

सलीमभाऊंना सांगावं की नाही, हा मला प्रश्न पडला. त्यांना वाईट वाटेल असं वाटत होतं. पण प्रवेश मिळाला हे तर सांगायलाच हवं होतं, म्हणून छत्री घेऊन गेले आणि एक सांगताना दुसरंही सांगून बसले.

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "पोरगी खोटं कुठी बोलली? काही तुकडे तं त्याच कार्डावर झाले नं."

"पण कोणते?"

"आना इकडं. मी पाहतो." माझ्या फोनवरची फिल्म त्यांनी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. एक गिऱ्हाईक, बहुतेक बँकेतला माणूस, रेनकोटातच उभं होतं आणि कोणत्या कंपनीचं घेऊ म्हणून मघापासून विचारत होतं. सलीमभाऊंनी त्याला हातानं थांबवलं.

पडद्यावर निळा अंधार होता. बाया टोपल्या घेऊन आल्या, पाठमोऱ्या, बोलत नव्हत्या. पहिलं फूल पडलं.

"हे त्या मोठ्या कंपनीच्या लहान कार्डावरचं," सलीमभाऊंनी बोट पुढं केलं. "हे पाहा, हे अन् ते, दोन्ही सेम." मग जवळ वाकले. "नाई. याच्या देठाले डाग हाय." पुढचा तुकडा आला. "हे मंग..." बोट एका फुलावर गेलं, ते पडून गेलं. दुसऱ्यावर गेलं, तेही पडलं. ते बोट तसंच थोडा वेळ हवेत राहिलं आणि मग काउंटरवर खाली आलं.

रेनकोटातला माणूस कधी स्टूल ओढून बसला ते मला कळलं नाही. फिल्म संपली तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, लावा बरं आणखी एक डाव."

सलीमभाऊंनी लावली.